विश्लेषण : टचपॅड बिघडला, की लॅपटॉपला तो सापडलाच नाही?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुना लॅपटॉप मोडीत काढण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकावे, हा सल्ला वारंवार दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण कधी कधी नवी सिस्टिम सुरू होते, स्क्रीन उजळते आणि टचपॅडवर कितीही बोट फिरवले तरी बाण जागचा हलत नाही. अशा वेळी ‘टचपॅड गेला, बदलावा लागेल’ असे निदान करून मोकळे होणे सोपे असते. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : टचपॅड आहे की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळते कसे?

ओळख पटते कशी?

यूएसबी माउसचे काम सरळ आहे. तो जोडल्याचे पोर्टला विजेच्या पातळीवरून कळते. मग संगणक विचारतो आणि माउस उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक, प्रकार अशी सगळी माहिती देतो.

लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्ड-टचपॅडचे तसे नाही. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये कीबोर्ड सांभाळायला ८०४२ नावाची चिप होती. तिची नक्कल आजही अनेक लॅपटॉपमध्ये चालते. ड्रायव्हर तिला तपासणीचा ठरलेला आदेश देतो आणि ठरलेल्या उत्तराची वाट पाहतो. चाकाचा माउस ओळखण्याची जुनी युक्ती तर दारावर खुणेची थाप मारण्यासारखी आहे. ड्रायव्हर माउसला नमुना घेण्याचा वेग आधी २००, मग १००, मग ८० ठेवायला सांगतो आणि लगेच ओळख क्रमांक विचारतो. साधा माउस आदेश निमूट पाळून ० सांगतो. चाकवाल्याला खूण समजते, तो ३ सांगतो.

अलीकडचे बरेच टचपॅड आय-टू-सी नावाच्या तारांवर असतात. तिथे यूएसबीसारखी ओळख सांगण्याची सोयच नाही. टचपॅड कुठे बसवला आहे, हे कंपनीने फर्मवेअरमधील एसीपीआय तक्त्यात लिहिलेले असते आणि सिस्टिम त्यावर विश्वास ठेवते. तक्त्यात चूक असेल, तर टचपॅड धडधाकट असूनही सिस्टिमच्या लेखी तो नसतो.

आणि काहीच नसेल तर?

नसलेली वस्तू ‘मी नाही’ असे सांगत नाही. रिकाम्या पोर्टवरून वाचले की बहुधा सगळे बिट १ येतात. ८०४२ च्या भाषेत त्याचा एक अर्थ ‘माझ्याकडे डेटा आहे, घेऊन जा’ असाही होतो! म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर सुरुवातीला साठलेला डेटा उपसून पाहतो. १६ बाइट काढूनही उपसा संपत नसेल, तर तिथे कंट्रोलर नाही, असे तो ठरवतो.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वतपासणीच्या आदेशाला योग्य उत्तर आले नाही, तर ड्रायव्हर पाच वेळा प्रयत्न करतो. तरीही जमले नाही, तर नेहमीच्या इंटेल-एएमडी संगणकांवर तो माघार घेत नाही. कीबोर्ड कदाचित चालेल, या आशेने पुढे जातो. नियमावर बोट ठेवणाऱ्याला हे ढिसाळ वाटेल. माझ्या मते हाच शहाणपणा आहे. हाकेला ओ आली नाही म्हणजे घरात कोणी नाही, असे नव्हे. आणि चुकून ‘नाही’ ठरवले, तर ज्याचा कीबोर्ड बंद पडला तो तक्रार तरी कशाने टाइप करणार?

या तडजोडीचा भार मात्र चुकीच्या खांद्यावर आहे. नियमाप्रमाणे न वागणाऱ्या लॅपटॉप मॉडेलांची एक यादी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येच ठेवलेली आहे. अमक्याला सुरुवातीला रीसेट द्या, तमक्याला अमुक प्रश्न विचारूच नका, अशा त्यातल्या सूचना. तक्ता चुकवायचा कंपनीने आणि निस्तरायचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी, हा उलटा न्याय झाला. विंडोजवर चालले की तपासणी संपली, असे मानणाऱ्या कंपन्यांनी विकलेल्या मॉडेलसाठी दुरुस्त फर्मवेअर द्यायलाच हवे. ऑपरेटिंग सिस्टिमचाही दोष आहेच. ‘कंट्रोलर सापडला नाही’ ही ओळ कर्नलच्या नोंदींत पडून राहते, स्क्रीनवर अवाक्षर येत नाही. ‘टचपॅड शोधला, उत्तर मिळाले नाही’ एवढे वाक्य दाखवायला कितीसा खर्च येतो?

पैसे देण्याआधी काय पाहावे?

लिनक्स थेट टाकू नका. आधी पेनड्राइव्हवरून चालवून टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही तपासा. टचपॅड बंद करणारे बटण फंक्शन कीच्या रांगेत चुकून दाबले गेले आहे का, तेही बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे नवे बायोस आहे का, ते शोधा. त्यानंतर बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन बोट फिरवा. तिथे बाण हलला, तर टचपॅड शाबूत आहे आणि तो बदलण्याचे पैसे वाया जातील. हलला नाही, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण प्रत्येक सेटअपमध्ये टचपॅड चालतोच असे नाही.