चैत्रातला गाळ

गुढीपाडव्याच्या सुमारास मुंबई महापालिकेस दरवर्षी नाल्यांतील गाळाचे स्मरण होते. ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली ही व्यवस्था ५० मिलिमीटरसाठी सक्षम करावी, असे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सुचविले होते. अहवाल धूळ खात पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो बळी गेले, तेव्हा कुठे त्यावरील धूळ झटकली गेली! मिठीच्या गाळउपशातील कथित ६५ कोटींच्या अपहाराचा गुन्हा तर मे २०२५ मध्ये पोलिसांनीच नोंदविला. गाळ कागदावर निघतो, पाणी मात्र घरात शिरते. पूर आल्यावर अन्नाची पाकिटे घेऊन धावणाऱ्या स्वयंसेवकांनी वैशाखातच नाल्याकाठी उभे राहून डंपर का मोजू नयेत?