पापडावरची राख आणि रोह्याचं डोहाळजेवण

मैत्रिणींनो, या खेपेला वाळवणाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. आम्ही पेणच्या बायका, शिमगा उलटला की आमच्या गच्च्या आणि अंगणं पापड-मिरगुंडांनी भरून जातात, तेव्हा या विषयावर आम्ही बोलायचं नाही तर कुणी! पण तुमच्या पत्रांत दोघीतिघींनी एकच विचारलं आहे: वाळत घातलेल्या पापडांवर काळी काळी भुसकटं येऊन पडतात, ती कसली, आणि त्यांचं करायचं काय?

ती राख असते, बायांनो. डोंगरावर वणवा लागला की जळकं गवत आणि पानांच्या शिरा वाऱ्यावर कोस-दीड कोस उडत येतात. पापड ओल्या फडक्यानं पुसू नका, राख फासली जाते आणि डाग धरतो. कडकडीत वाळू द्या, मग कोरड्या मऊ कुंचल्यानं झटका. धुराचा वास यायला लागला की खाटेसकट वाळवण आत घ्या, कारण एकदा लागलेला वास तळल्यावरही जात नाही. अंगणातली राखही कोरडी झाडू नये. आधी पाण्याचा शिपका मारावा, नाहीतर तीच राख नाकातोंडात जाते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तेवढं बघा.

झालं, उत्तर एवढंच. पण मला एवढ्यावर थांबवत नाही. गेल्या वर्षी याच राखेनं आमच्या घरातल्या एका कार्याची दैना केली, आणि त्या दिवशी जे पाहिलं ते अजून मनातून गेलेलं नाही.

माझ्या नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. वन्संचं घर रोह्याच्या बाजूला, भिसे खिंड ओलांडली की डोंगराच्या पायथ्याशी. पेणहून जायचं म्हणजे वडखळ, नागोठणे आणि मग खिंडीचा रस्ता. गाडीत आम्ही पाचजण: पुढे आमचे हे आणि चालवणारा पुतण्या, मागे सासूबाई, मी आणि सहा वर्षांचा नातू. मांडीवर फुलांच्या दागिन्यांचा डबा, पायाशी ओटीचं सामान आणि दोन डबे करंज्या. सासूबाईंना दमा आहे, पण नातसुनेचं डोहाळजेवण त्या सोडतील होय!

नागोठणं सोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. समोरचा डोंगर मला आधी ढगात गेल्यासारखा वाटला. मार्चमधला ढग! खिंड चढायला लागलो आणि धूर रस्त्यावर उतरला. डावीकडच्या उतारावर आगीची एक वाकडी रेघ सरकत होती. ज्वाळा फार उंच नव्हत्या, गुडघ्याएवढ्या, पण तडतड आवाज काचा बंद असूनही ऐकू येत होता. पुढचा ट्रक दिसेनासा झाला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला, आणि त्यांच्या छातीतली शिट्टी मला ऐकू आली.

पुतण्या म्हणाला, "काकू, पाच मिनिटांत पार होऊ." आमचे हे म्हणाले, "थांबूया जरा इथंच." मी म्हटलं, दोन्ही नको, वळव गाडी. आमच्या ह्यांच्यापुढे मी सहसा बोलत नाही (ते हे वाचून हसतील), पण त्या वेळी बोलले. पुढे काय आहे ते दिसत नसताना धुरात शिरणं हा वेडेपणा, आणि रस्त्यात उभं राहणं त्याहून मोठा, कारण मागून येणाऱ्यालाही आपण दिसत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, मागे मोकळा रस्ता असेल तर वेळीच वळावं. काचा लावून घ्याव्यात, बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद करावं, दिवे लावावेत पण खालचे, कारण वरचा झोत धुरावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. ओल्या रुमालाची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची, पण धुरातले अगदी बारीक कण तो अडवत नाही. कोरोनाच्या दिवसांतले एन-९५ मास्क घरात उरले असतील तर दोन गाडीच्या खणात टाकून ठेवा. आणि दमेकरी माणसाचा पंप पिशवीच्या तळाशी नसावा. आमचा होता, करंज्यांच्या डब्याखाली.

नागोठण्याला परत आलो आणि स्टेशनवर जाऊन बसलो. रोह्याकडे जाणाऱ्या गाडीला दीड तास होता. पुतण्याला गाडी घेऊन पेणला पाठवलं. सासूबाई बाकावर बसून लांब लांब श्वास घेत होत्या, नातू "आज्जी, डोंगराला कुणी पेटवलं?" असं दर दहा मिनिटांनी विचारत होता. डब्यातली फुलं मलूल व्हायला लागली. वन्संचा फोन लागत नव्हता.

रोह्याला उतरून रिक्षानं गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणातल्या मांडवावर राखेचा थर. रांगोळी कुणी घातली होती ती ओळखू येईना. नवी सून शेजारच्या आळीतल्या एका घरात, दारं-खिडक्या लावून बसवलेली. सातव्या महिन्यात धूर पोटातल्या बाळालाही बाधतो, हे गावातल्या आरोग्यसेविकेनं वेळेवर सांगितलं होतं म्हणून. वन्सं स्वयंपाकघरात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

आग तोवर आटोक्यात आली होती. विझवली कुणी, तर डोंगराकडेच्या कातकरी वाडीवरच्या माणसांनी, बायांसकट. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून. एका बाईच्या पायाला चटका बसला होता. कुणीतरी टूथपेस्ट शोधत होतं, ते मी थांबवलं. भाजलं की थंड, साधं पाणी वीस मिनिटं सोडावं, बर्फ नको, पेस्ट-हळद-शाई काही नको. हाताला किंवा पायाला असेल तर बांगड्या, जोडवी, अंगठ्या लगेच काढाव्यात, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. तिची जोडवी काढताना मी पाहिलं, तिच्या नायलॉनच्या साडीचा काठ वितळून कडक झाला होता. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं. आगीजवळ जावं लागलंच तर सुती नेसावं, पदर खोचावा, अंबाडा घालावा, एवढं तर आपल्या हातात आहे.

ओसरीवर पुरुषांचं बोलणं चाललं होतं. "वाडीवरच्या पोरांनीच लावला असणार. ससे धरायला लावतात." आमचे नंदावे काहीच बोलत नव्हते. आणि वाडीवरची माणसं दहा पावलांवर, विहिरीपाशी हातपाय धूत होती.

इथं थोडं थांबून वणव्याबद्दल सांगायला हवं. आपल्याकडच्या डोंगरांना आग आपोआप लागते असं मी लहानपणी ऐकलं होतं, बांबूवर बांबू घासून वगैरे. तसं क्वचितच घडत असेल. बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. कुणी शिकारीसाठी लावतो, कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून, कुणी विडीचं थोटूक टाकतो. आणि आपल्या भातशेतीच्या मुलखात आणखी एक कारण: राब. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ आणि गवत पसरून वर माती घालतात आणि ते भाजतात. तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, रोप जोमानं येतं. आपल्या आजेसासऱ्यांपासूनची ही रीत, तिला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण राब वरून विझलेला दिसतो तेव्हाही आतलं शेण धुमसत असतं, रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही. सकाळी वारा पडलेला असतो म्हणून माणूस निश्चिंत होतो. आणि दुपारी खाडीकडून खारा वारा सुटतो.

नंदाव्यांनी आदल्या दिवशी राब भाजला होता. डोंगराला लागूनच्या वावरात. दुसऱ्या दिवशी कार्य म्हणून घाईनं उरकला होता.

हे वन्संना ठाऊक होतं. सकाळी गोठ्यात जाताना त्यांनी राबातून धुराची रेघ पाहिली होती, दोन हंडे ओतावेत असं मनात आलं होतं, आणि पुरण शिजत होतं म्हणून त्या आत गेल्या होत्या. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून देशभरातल्या वणव्यांच्या जागा टिपून वनखात्यांना कळवते म्हणे. पण काडी कुणाची ते उपग्रहाला दिसत नाही. ते घरातल्या बाईला दिसतं.

पानं वाढायची वेळ झाली. वन्सं ओसरीवर आल्या. हातात वाढपाचं ताट होतं. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "राब आपला होता. मी सकाळी धूर पाहिला होता, आणि पाणी घातलं नाही. पहिली पंगत वाडीवरच्यांची बसेल."

कुणी काही बोललं नाही. नंदाव्यांनी मान खाली घातली, मग उठून स्वतः पाट मांडायला लागले. सासूबाई, ज्या लेकीला आयुष्यभर "जरा दमानं बोल" सांगत आल्या, त्यांनी पाण्याचे तांबे भरले. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. कारण नंदाव्यांच्या गप्प बसण्यामागे नुसती लाज नव्हती, भीतीही होती. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं हा तर गुन्हा आहेच, पण जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणंही गुन्हा आहे. घरच्या माणसाला कायद्याच्या तोंडी देणं कुठल्या बाईला सोपं असतं? पण ती गप्प राहती, तर वाडीवरच्या कुणा पोराच्या दारात शिपाई गेला असता, हेही तिला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी नंदावे आपल्या पायांनी वनपालाकडे गेले. पुढे काय झालं तो त्यांच्या घरचा मामला, इथं लिहीत नाही. वाडीवरच्या दोन घरांचा पेंढा जळला होता, तो वन्संनी आपल्या उडवीतून भरून दिला.

डोहाळजेवण रात्री साडेनवाला झालं, शेजारच्या आळीतल्या त्या बंद खोलीत. फुलांची वाडी कोमेजलेली, पण पोरगी हसत होती.

आता ज्यांची घरं डोंगरालगत आहेत त्यांच्यासाठी थोडं. आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरतात, तेव्हा संक्रांत झाली की लगेच कामाला लागावं. घराभोवतालचं आणि गोठ्याभोवतालचं सुकं गवत विळ्यानं कापून निदान तीस फुटांचा पट्टा उघडा करावा. कापलेलं पेटवू मात्र नका, खड्ड्यात कुजवा! पेंढ्याची उडवी आणि सरपण घराला टेकून नको. परसात एक पिंप भरलेलं आणि दोन गोणपाटं भिजवायला जवळ ठेवावीत. डोंगर पेटलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा, घरापर्यंत येतोय असं वाटलं तर ११२. रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं, औषधं एका पिशवीत असावीत. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले तेव्हा लाखाहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली, पुष्कळांना हातात येईल ते घेऊन. आपल्याकडचा वणवा तेवढा अक्राळविक्राळ नसतो, पण पिशवी शोधायला वेळ तितकाच कमी मिळतो.

आणि मुलं डोंगर चढायला जाणार असतील तर त्यांना एक गोष्ट घोकवून घ्या: आग चढावर फार वेगानं धावते. तिच्यापुढे वर पळू नये. बाजूला व्हावं, खाली नांगरलेल्या शेताकडे, रस्त्याकडे किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या जागेकडे यावं. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेले वीसहून अधिक लोक वणव्यात गेले, त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. उन्हाळ्यात वाळक्या गवताचा डोंगर चढायला जायचंच कशाला, असं मला वाटतं. मुलं ऐकतील न ऐकतील.

राबाला पर्याय आहे का, असं पुष्कळजणी विचारतील. आहे. मीटरभर रुंद, चार बोटं उंच गादीवाफे करून, कुजलेलं शेणखत घालून, न भाजताही रोप होतं. तण जास्त येतं, आणि ते काढायला आपणच बसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याच जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी तर लावणीच नको अशी पद्धत बसवली आहे, बी थेट वाफ्यावर टोकायचं. रोपच करायचं नाही, मग राब कुठला?

वन्संकडे यंदा अर्धं रोप गादीवाफ्यावर करायचं ठरलं आहे. अर्धं, कारण नंदाव्यांचा अजून पुरता विश्वास नाही. उरलेला राब भाजला तो डोंगरापासून लांबच्या वावरात, आणि संध्याकाळी त्यावर हंडे ओतायला वन्सं स्वतः उभ्या होत्या, नात कडेवर. डोंगराकडेचा बांध मात्र त्यांनी नंदाव्यांकडून विळ्यानं कापून घेतला. दोन दिवस लागले. तेव्हापासून त्यांची कंबर धरली आहे, आणि फोनवर माझ्याकडे औषधाची चौकशी झाली. खडेमीठ आणि ओवा तव्यावर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधायला सांगितली आहे. आधी आपल्या हाताला सोसते का बघावी, मगच कंबरेला लावावी.