गहू बंद करण्यापूर्वी

स्वमग्न बालकाला घेऊन आलेल्या मातापित्यांना पहिल्याच भेटीत 'गहू आणि दूध बंद करा' असे सांगण्याची प्रथा आपल्या व्यवसायात रूढ होऊ पाहत आहे. अमरावती काय किंवा अकोला काय, थकलेल्या आईबापांना काहीतरी करावयास हवे असते आणि पथ्य सांगणे हे तर वैद्याचे स्वाभाविक कार्यच आहे. तथापि या सल्ल्यात स्वमग्नता आणि सिलियाक व्याधी या दोन स्वतंत्र गोष्टींची गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत बालकाला मोजावी लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे. गहू बंद करू नये असे आमचे म्हणणे नाही. तो बंद करण्याचा क्रम चुकू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

सिलियाक हा गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे उद्भवणारा व्याधी होय. जन्मतः विशिष्ट जनुकीय प्रवणता असलेल्या व्यक्तीत हे प्रथिन शरीराच्या संरक्षक यंत्रणेला स्वतःच्याच लहान आतड्याविरुद्ध उठविते. आतड्यातील रसांकुर झिजतात, अन्नरसाचे शोषण खुंटते आणि मूल खाऊनही वाळत जाते. सॅम्युअल गी या इंग्रज वैद्यकाने १८८८ मध्ये या व्याधीचे लक्षणचित्र रेखाटले. परंतु कारण सापडण्यास आणखी अर्धशतक लागले. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात हॉलंडमध्ये पाव दुर्मीळ झाला तेव्हा ही मुले सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हा संबंध सिद्ध केला. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या आपल्या शास्त्राला याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रहणी म्हणजेच सिलियाक, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र आवरावा. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात वर्णिलेली ग्रहणी ही अग्निदुष्टीतून उद्भवणाऱ्या विकारांची मोठी कक्षा आहे. सिलियाकची अनेक लक्षणे तीत बसतात, पण ग्रहणीचा प्रत्येक रुग्ण सिलियाकचा नसतो. शिवाय आपले ग्रंथ गव्हाला बृंहण, जीवन व बल्य म्हणतात. सामान्य प्रकृतीला ते खरेही आहे. जे द्रव्य शंभर जणांना सात्म्य, तेच एखाद्याला आजन्म असात्म्य ठरावे, ही सिलियाकची शिकवण आहे. म्हणूनच तो एखादा कोण, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

हा व्याधी पाश्चात्त्यांचाच, हा समजही आता सोडावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांमध्ये त्याच्या प्रतिपिंडांचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. या पाहणीत विदर्भ नव्हता. पण वऱ्हाडचे ताट गेल्या दोन पिढ्यांत पालटले, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. ज्वारीच्या शेतात आधी कापूस व मग सोयाबीन आले, आणि स्वस्त धान्य दुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ घरात आला; २०२३ पासून तर तो मोफत मिळतो. भाकरीच्या जागी पोळी, आंबिलीच्या जागी बिस्किट, आणि बाळाच्या वाटीत गव्हाचे सत्त्व. ज्वारीवर वाढलेल्या आज्याला जे कधी बाधले नाही, ते नातवाला का बाधावे, या प्रश्नाचे एक उत्तर येथे असू शकते. मेळघाटासारख्या भागात तर वाढ खुंटलेले प्रत्येक मूल केवळ कुपोषित म्हणून नोंदले जाण्याचा धोका आहे.

आता स्वमग्नतेकडे वळू. ग्लुटेन व दुधातील केसिन यांचे अर्धवट पचलेले अंश मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, अशी एक कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चर्चेत आली आणि तीवरून गहू-दूध-वर्ज्य आहार जगभर पसरला. पुरावा मात्र त्या कल्पनेच्या मागे उभा राहिला नाही. सिलियाक नसल्याची खात्री केलेल्या १४ स्वमग्न बालकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लपवून दिलेल्या गहू-दुधाने वर्तन, निद्रा वा मलप्रवृत्ती यांत फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, हे खरे. परंतु इंग्लंडमधील नाईस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य आहार देऊ नये असेच म्हटले आहे. त्याच वर्षीच्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात सिद्ध सिलियाक आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही; मात्र रक्तात प्रतिपिंडे असूनही आतडे निरोगी असलेल्या गटात स्वमग्नतेचे निदान अधिक आढळले. या दुसऱ्या निरीक्षणाचा अर्थ अजून लागावयाचा आहे. त्यावरून उपचार ठरविता येत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. गहू सोडल्याने स्वमग्नता जाईल, असे आश्वासन कोणत्याही वैद्याने देऊ नये. आणि स्वमग्न बालकालाही इतर कोणत्याही बालकाप्रमाणे सिलियाक असू शकतो. असेल तर तो शोधून काढणे हे आपले कर्तव्य आहे. दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जे मूल बोलत नाही ते पोट दुखते असे सांगत नाही. ते रात्री जागते, डोके आपटते, पोटावर पालथे पडून राहते, आणि आपण ते सारे 'स्वमग्नतेचे वर्तन' म्हणून सोडून देतो. दीर्घकाळचा अतिसार, तसेच हट्टी मलावरोध, आध्मान, न वाढणारी उंची, लोहकल्प देऊनही न भरणारा पांडू, वारंवार येणारे मुखपाक, दातांच्या आवरणातील दोष, बालवयातील मधुमेह, किंवा घरात कोणाला सिलियाक असणे, यांपैकी काही आढळल्यास चाचणी करावीच. सिलियाक रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत शेकडा सात-आठ जणांना हा व्याधी असतो. म्हणून बालकाचे निदान झाल्यास मातापिता व भावंडे यांचीही तपासणी व्हावी.

येथे आमचे मुख्य म्हणणे येते. आपल्या निदानपंचकात उपशय हे मान्य साधन आहे; मग गहू बंद करून पाहिला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. गव्हाबरोबर बिस्किटे, खारी, मैद्याचे पदार्थ व बाजारी खाऊ हे सारेच सुटते. मुलाचे पोट त्यानेही हलके होते. त्या उपशयावरून सिलियाक ठरत नाही. उलट गहू थांबताच रक्तातील प्रतिपिंडे ओसरू लागतात, रसांकुर भरून येऊ लागतात, आणि काही महिन्यांनी केलेली चाचणी खोटी निर्वेध येते. मग दोनपैकी एक घडते. खरा सिलियाक असलेले मूल 'काही नाही' म्हणून पुन्हा पोळी खाऊ लागते, किंवा सिलियाक नसलेले मूल विनाकारण जन्मभर वर्ज्य आहारावर राहते. सत्य जाणण्यासाठी मग काही आठवडे पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो, आणि ज्या मुलाला एक घास बदलणेही असह्य आहे त्याच्या बाबतीत हा छळच ठरतो. म्हणून मूल रोजच्या पोळ्या खात असतानाच रक्त तपासावे.

चाचणी कोणती, हेही नेमके लिहून द्यावे. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंड आणि त्याच नमुन्यातून एकूण आयजीए. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असते. तेथे पहिली चाचणी एकटी फसविते. रक्त काढणे हे स्वमग्न बालकाला मोठे संकट वाटते, म्हणून रक्तघटक, लोहसंचय, ड जीवनसत्त्व व थायरॉइड या चाचण्याही एकाच टोचणीत उरकाव्यात. प्रतिपिंडे वाढलेली आढळल्यास बालजठरांत्ररोगतज्ज्ञांकडे, प्रसंगी नागपूरपर्यंत, पाठवावे. पुढील खात्री दुर्बिणीने ग्रहणीतून घेतलेल्या तुकड्याने होते. प्रतिपिंडे वरच्या मर्यादेच्या दहापट वा अधिक असतील आणि दुसऱ्या नमुन्यात एंडोमायशियल प्रतिपिंडही आढळले, तर युरोपीय बालजठरांत्र संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार तुकडा घेणे टाळता येते. भूल द्यावी लागणाऱ्या बालकांच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे. मात्र तिचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. मूल आधीच गहू सोडून बसले असेल, तर एचएलए डीक्यू-२ व डीक्यू-८ ही जनुकीय चाचणी उपयोगी पडते. ही दोन्ही नसतील तर सिलियाक जवळजवळ संभवत नाही. असली तरी मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ती अनेक निरोगी माणसांतही असतात.

निदान पक्के झाले की पथ्य आजन्म आणि काटेकोर. 'सणाला एक पुरणपोळी चालेल' ही सवलत येथे नाही. बहिरमच्या यात्रेतला रोडगाही नाही. सुदैवाने वऱ्हाडाला पर्याय शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, तसेच मेळघाटातील कोदो-कुटकी या सर्वांत ग्लुटेन नाही. ज्वारी संशोधन केंद्र असलेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. आपल्या संघटनेने त्याच्याशी या प्रश्नावर संपर्क साधावा. धोका धान्यात कमी आणि चक्कीत अधिक आहे. गव्हानंतर लगेच दळलेली ज्वारी या मुलांना निरुपयोगी. घरची चक्की किंवा जाते हा त्यावर उपाय. पोळपाट, तवा व पिठाचा डबाही वेगळा असावा. व्यवसायोपचारात बोटांच्या व्यायामासाठी दिली जाणारी मऊ कणीक बहुधा गव्हाचीच असते आणि ही मुले ती तोंडात घालतात, हे पालकांना आवर्जून सांगावे.

स्वमग्न मुलाचे ताट एका दिवसात पालटत नाही. तोच रंग, तोच आकार, तीच थाळी त्याला हवी असते. म्हणून पोळीच्या आकाराची पातळ भाकरी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ताटात, थोड्या प्रमाणापासून सुरू करावी. निदान झाल्यानंतर मात्र हा काळ फार लांबवू नये. दूध, तूप व ताक सरसकट बंद करू नये. ग्रहणीत ताकाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवावयास नको; सिलियाकच्या आरंभी दूध पचत नसल्यास ते काही काळ कमी करावे, एवढेच. सहा महिन्यांनी प्रतिपिंडे, वजन व उंची पुन्हा पाहावी. पथ्याने पोट सुधारेल, झोप सुधारेल, वेदनेमुळे होणारा आक्रस्ताळेपणा कमी होईल. वाचा, शिक्षण व व्यवसायोपचार मात्र चालूच राहिले पाहिजेत, हे पालकांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

आता औषधनिर्मात्या बंधूंना दोन शब्द. बाजारातील बंधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ व डिंक मिसळलेला असतो. हिंग्वाष्टक चूर्ण, चित्रकादि वटी, लशुनादि वटी ही ग्रहणीसारख्या व्याधीत आपण नित्य वापरतो, आणि या सर्वांत हिंग आहे. गहू बंद करून त्याच रुग्णाला मैदायुक्त हिंगाची वटी देणे हा विनोद नव्हे, अपराध आहे. ग्रंथोक्त द्रव्य शुद्ध हिंगच आहे, तेच वापरावे. अगस्त्य हरीतकीत जव आहे. तुषोदक व सौवीरक ही तर जवाचीच कांजी, आणि संधानाने ग्लुटेन नाहीसे होत नाही. गव्हांकुराच्या रसात वा चूर्णात दाण्याचा अंश राहू शकतो. वटीला बांधण्यासाठी पिष्ट वापरले असेल तर ते कोणत्या धान्याचे, हे लेबलवर असावे. यवक्षार ही भस्म झालेल्या वनस्पतीची निर्मिती असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. खाद्यपदार्थाला 'ग्लुटेनमुक्त' म्हणण्यासाठी देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तीच कसोटी आपण स्वखुशीने औषधांना लावावी. २००० साली परिशिष्ट 'टी' आले तेव्हा ते अनेकांना ओझे वाटले होते. आज त्याच शिस्तीवर आपल्या फार्मसींची पत उभी आहे.

रक्तचाचणी सुचविणे म्हणजे परशास्त्राची री ओढणे, असा आक्षेप येईल. आम्हांस तो मान्य नाही. पथ्य हे आपले सर्वांत प्रभावी शस्त्र आहे. आणि शस्त्र जितके प्रभावी, तितका त्याचा नेम अचूक हवा. आपल्या संघटनेने अमरावती व अकोला या दोन्ही शाखांत एक साधा नियम स्वीकारावा: स्वमग्न बालकाच्या केसपेपरवर गहू बंद लिहिण्यापूर्वी प्रतिपिंड चाचणीची नोंद असावी. त्याबरोबर सभासद फार्मसींनी गहू-जवमुक्त कल्पांची एक यादी तयार करून प्रत्येक वैद्याकडे पाठवावी. एक ओळ केसपेपरवर आणि एक पान यादीचे, एवढाच हा खर्च आहे. तो न केल्याची किंमत जे मूल मोजील, त्याला ती बोलूनही दाखविता येणार नाही.