पेडल काय सांगते ते ऐका



जुन्या ४०७ वर घर चालवणाऱ्या एका वाचक भावाने विचारले आहे, "लायनर नवे टाकले, तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. आता काय बदलू?" पुण्यात अशा जुन्या गाड्यांवर हलाल रोजी कमावणारी आपली कितीतरी कुटुंबे आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देत आहोत.

आमचे पहिले सांगणे असे की, दुसरा पार्ट विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, इंजिन सुरू ठेवा आणि पेडल दाबून पाहा.

पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन घट्ट होते? मग लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढले आहे, ॲडजस्टमेंट करून घ्या. मारूनही स्पंजासारखे मऊच राहते? मग लाइनमध्ये हवा आहे, ती काढावी लागेल. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली सरकते? मग ऑइल कुठेतरी निसटते आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि पाइपांवर ओल दिसते का ते पाहा. बाहेर कुठेच ओल नाही आणि डब्यातले ऑइलही कमी होत नाही, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेलेले असते.

पेडल दगडासारखे कडक लागते? मग बूस्टर तपासा. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर व्हॅक्यूम पंप, त्याचा होज किंवा बूस्टर यांपैकी एकात दोष आहे. बऱ्याचदा तो फाटलेला होजच निघतो.

पेडल चांगले आहे, तरी गाडी थांबत नाही? तेव्हा ड्रम उघडा. हबचे ऑइल सील गळून लायनर तेलकट झाले असतील. लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील. विचारणाऱ्या भावाच्या गाडीत आम्ही आधी हे पाहू की, नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकतात का. झिजून खाच पडलेल्या ड्रममध्ये नवा लायनर थोड्याच भागावर घासतो, आणि तेवढ्याच भागावर गाडी थांबवावी लागते. ड्रम लेथवर टर्न करता येतो, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे नाही. तडा गेला असेल तर ड्रम बदलावाच लागतो.

ब्रेक मारताच गाडी डावीकडे ओढत असेल, तर मिस्त्री लोक डावे चाक उघडतात. पुष्कळदा डावे चाक बरोबर काम करत असते आणि उजवे आळशी झालेले असते. थोडे चालवून चाकांजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. जे चाक थंड आहे ते काम करत नाही, जे फार तापले आहे ते अडकून चालते आहे.

सकाळी ब्रेक चांगले आणि घाट उतरताना कमजोर, ही तक्रार सर्वांत धोक्याची. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेले १४० च्या आसपासही उकळू शकते. उकळले की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात. तिथे हवेचा काटा पाहा, इंजिन बंद करून गळतीचा फुसफुस आवाज ऐका, टाकीतले पाणी रोज काढा आणि स्लॅक ॲडजस्टर तपासा. तापलेला ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. ॲडजस्टर ढिला असेल, तर यार्डात थांबणारा ट्रक उताराच्या शेवटी थांबत नाही.

नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे पोलिसांच्या प्राथमिक तपासात, डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे समोर आले. इंजिन बंद झाले की हवा किंवा व्हॅक्यूम पुन्हा भरत नाही, आणि गिअरमधले इंजिन गाडीला जे रोखून धरते तेही जाते. उतार नेहमी खालच्या गिअरमध्ये, इंजिन सुरू ठेवूनच उतरावा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. पण तो कागद तपासणीच्या दिवसापुरता बोलतो. रोज बोलतो तो चालक. "शेठ, पेडल खाली जातंय," असे तो म्हणाला आणि आपण "ही एवढी खेप मार, मग बघू" म्हणालो, तर पुढे जे होईल त्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्याचा जीव आपल्याकडे अमानत आहे, आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचाही आपल्यावर हक्क आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू नये, आधी तो बांधावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. घरातल्या माता-भगिनींनीही गाडी निघण्याआधी डब्यासोबत एवढे विचारावे, "पेडल कसं आहे?"

अल्लाह सर्व वाटसरूंना सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.