उलटा वर्ग, सुलटा हिशेब

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तरीही दहावी उत्तीर्ण झालेली असंख्य मुले चार वाक्ये बोलताना अडखळतात. नवल नाही, सारा तास धड्याच्या भाषांतरातच खर्ची पडतो. अमेरिकेतील कोलोराडोत २००७ साली बर्गमन व सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी व्याख्याने चित्रित करून घरी पाहावयास दिली व वर्गाचा वेळ सरावासाठी मोकळा केला. हा ‘उलटा वर्ग’ भाषेला तर अधिकच मानवेल. धड्याचा अर्थ एकट्याने पुनःपुन्हा ऐकता येतो. संभाषणास दुसरा माणूसच लागतो. मात्र घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलीने धडा पाहावा कोठे? ही सोय शाळेनेच केली पाहिजे. त्यासाठी संगणक कक्षाला पाचच्या ठोक्याला कुलूप घालण्याची प्रथा आधी मोडावी लागेल.