न झालेली चौकशी : चिमूर, १९४२

हिवाळी अधिवेशन भरले की नागपुरात धंतोलीतील यशवंत स्टेडियमच्या परिसरात मोर्चे जमू लागतात. फलक दर वर्षी बदलतात, पण ‘निष्पक्ष चौकशी करा’ ही मागणी कुठल्या ना कुठल्या फलकावर असतेच. नेमकी हीच मागणी १९४२ च्या हिवाळ्यात या प्रांतातून झाली होती. तिच्यासाठी एका माणसाने त्रेसष्ट दिवस उपोषण केले. चौकशी झाली नाही.

युद्धगुन्ह्यांचा आंतरराष्ट्रीय न्याय कुठे अडतो, हे सांगताना लोक थेट न्यूरेंबर्ग, टोकियो, हेग गाठतात. हा धागा आधी चिमूरला थांबणार आहे. नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटर.

घटनाक्रम थोडक्यात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेला प्रदेश, ‘छोडो भारत’चा ठराव होऊन आठवडा उलटलेला. पोलिसांनी गोळीबार केला, तरुण बालाजी रायपूरकर त्यात पडला. चवताळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी माणसांना ठार मारले. तिकडे वर्धा जिल्ह्यातील आष्टीतही त्याच दिवशी रक्त सांडले. मग चिमुरात लष्कर आले. घराघरांतून पुरुष पकडून नेले गेले, गावावर सामुदायिक दंड बसला. आणि मागे राहिलेल्या स्त्रियांनी सांगितले की सैनिकांनी त्यांच्यावर बलात्कार केले.

हे सांगणे ऐकायला सरकार गेले नाही. रमाबाई तांबे आणि नागपूरच्या इतर काही स्त्रिया गेल्या. डॉ. बा. शि. मुंजे गेले. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते, त्यामुळे हिंदुमहासभेच्या पुढाऱ्याने काँग्रेसच्या आंदोलनात होरपळलेल्या गावाची बाजू मांडावी, असा प्रसंग आला. आजच्या समाजमाध्यमांवरील कप्प्यांत हा प्रसंग बसत नाही, म्हणून तो फारसा सांगितलाही जात नाही. या मंडळींनी स्त्रियांची निवेदने घेतली आणि जाहीर चौकशीची मागणी केली. गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांच्या सरकारने ती फेटाळली.

सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी तेव्हा दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते. भन्साळींचे मागणे लहान होते : चिमूरला चला, स्वतः पाहा. ते मान्य झाले नाही. ११ नोव्हेंबरपासून भन्साळींचे दीर्घ उपोषण सुरू झाले. सरकारने या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली. देशभरच्या वृत्तपत्रांनी उत्तरादाखल नववर्षाच्या सरकारी किताबांची यादी छापली नाही, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस अंकच काढले नाहीत. १२ जानेवारीला कन्हैयालाल मुन्शी यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. बंदी उठली, सरकारी खुलासा निघाला, उपोषण सुटले. चौकशीची मागणी मात्र त्या तडजोडीत सोडून द्यावी लागली.

आता याच महिन्यांत लंडनमध्ये काय चालले होते ते पाहावे. १७ डिसेंबर १९४२, भन्साळींच्या उपोषणाचा सदतिसावा दिवस. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी पार्लमेंटात दोस्त राष्ट्रांचे संयुक्त निवेदन वाचले. नाझींकडून ज्यूंचा होणारा संहार हा गुन्हा आहे आणि गुन्हेगारांना शासन होईल, असे त्यात बजावलेले होते. सभागृह स्तब्ध उभे राहिले. ते निवेदन योग्यच होते, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, दोस्त राष्ट्रांचा युद्धगुन्हे आयोग स्थापन झाला आणि त्याच्या सतरा सदस्यांत भारत होता. म्हणजे अर्थात भारत सरकार, ज्याने भन्साळींच्या बातम्या दाबल्या तेच. आयोगाने आधार म्हणून १९१९ च्या पॅरिस परिषदेतील बत्तीस गुन्ह्यांची यादी घेतली. तिच्यात बलात्कार पाचव्या क्रमांकावर आहे. समूहाला शिक्षा करणे हाही त्याच यादीतला गुन्हा. चिमुरात दोन्हींचा प्रश्न होता.

येथे कायद्याचा जाणकार हटकून आक्षेप घेईल : चिमूर हा युद्धगुन्हा नव्हेच. दोन राष्ट्रांत युद्ध हवे, शत्रूची प्रजा हवी. चिमूरची माणसे तर सम्राटाचीच प्रजा होती. आक्षेप कायद्याने अचूक आहे, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. हीच कृत्ये पोलंडमध्ये जर्मन सैनिकाने केली तर ती आंतरराष्ट्रीय गुन्हा, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सरकारी सैनिकाने केली तर अंतर्गत प्रशासन! १९४५ साली ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही नवी कल्पना न्यूरेंबर्गच्या सनदेत आली, तेव्हाही तिला युद्धाशी बांधून ठेवले गेले. अमेरिकेचे रॉबर्ट जॅक्सन यांनी लंडनच्या वाटाघाटीत कारण जवळजवळ उघड करून टाकले होते : आमच्याही देशात अल्पसंख्याकांना कधी कधी अन्यायाची वागणूक मिळते. वसाहती बाळगणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरजच नव्हती.

ती सनद ८ ऑगस्ट १९४५ ची. चिमूर-आष्टीचे फाशीची शिक्षा झालेले शेवटचे कैदी तेव्हाही मृत्यूच्या छायेत होते. अनसूयाबाई काळे आणि इतर अनेकांनी त्यांच्यासाठी अथक खटपट केली, गांधीजींनीही शब्द टाकला, आणि अखेर त्या वर्षी फाशीऐवजी जन्मठेप झाली. अधिकाऱ्यांच्या खुनाचा खटला चालायलाच हवा होता, त्यात वाद नाही. प्रश्न तराजूचा आहे. एका बाजूच्या गुन्ह्यांसाठी वटहुकुमाने खास न्यायालये उभी राहिली. दुसऱ्या बाजूच्या आरोपांसाठी एक चौकशी अधिकारीसुद्धा मिळाला नाही.

या मुद्द्यावर आपल्याकडे एक लाडके उत्तर तयार असते : न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. टोकियो खटल्यात भारताच्या न्यायाधीशाने सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, जेत्यांच्या न्यायाचे ढोंग उघडे पाडले, म्हणून छाती फुगवायची. पालांच्या भिन्नमतपत्रिकेतील वसाहतवादावरचे आसूड खरेच वाचण्यासारखे आहेत. पण त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ती पत्रिका पुढेही वाचावी. जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हे पालांनी नाकारलेले नाही. त्यांचा वाद होता तो टोकियोत बसलेल्या पुढाऱ्यांवरच्या जबाबदारीचा आणि आक्रमणाला नंतर गुन्हा ठरवण्याचा. ‘सगळाच जेत्यांचा न्याय’ एवढे म्हणून हात झटकायचे असतील, तर नानजिंगच्या बाईला आणि चिमूरच्या बाईला एकच उत्तर मिळते : गप्प बस.

चौकशी नाकारण्याने नेमके काय होते, तेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे. शिक्षा टळते, ही गोष्ट दुय्यम. मुख्य म्हणजे घटनाच पुसट होते. साक्ष उलटतपासणीला उतरत नाही, हजेरीपट मागवले जात नाहीत, तुकडी कोणती, हुकूम कोणाचा, हे कागदावर येत नाही. म्हणून आज ऐंशी वर्षांनंतरही चिमूरविषयी लिहिताना ‘आरोप’ हाच शब्द वापरावा लागतो. सरकारने दिलेली सर्वांत टिकाऊ माफी ती हीच.

म्हणूनच आजच्या काळातली आशेची जागा मोठ्या वॉरंटांपेक्षा एका कंटाळवाण्या कामात आहे. २०१४ साली सीरियाचा प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे पाठवण्याचा ठराव रशिया आणि चीनने नकाराधिकाराने पाडला. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१६ मध्ये एक यंत्रणा उभी केली : तिला खटला चालवण्याचा अधिकार नाही, फक्त पुरावे गोळा करून जपायचे. म्यानमारसाठी २०१८ मध्ये तशीच दुसरी. २०२२ च्या जानेवारीत जर्मनीतील कोब्लेंझच्या न्यायालयाने सीरियाच्या अन्वर रसलान या माजी अधिकाऱ्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली, त्यात कैद्यांवरील लैंगिक अत्याचारही धरले गेले. हे घडू शकले ते जपून ठेवलेल्या कागदांमुळे आणि बोलत राहिलेल्या साक्षीदारांमुळे. नागपूरहून निघालेल्या त्या स्त्रिया बैलगाडीच्या काळात हेच काम करत होत्या. त्यांचे कागद ठेवून घेणारे कार्यालय मात्र जगात कुठेच नव्हते.

आणि स्वतंत्र भारत? १५ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे चिमूरच्या आदल्या दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. त्याखालील कृतींबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला भरता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. १९५८ चा ‘अफस्पा’ कायदा त्याच साच्यातून निघाला, आणि त्याच्या कलम ६ मध्ये ती परवानगी आजही आहे. लैंगिक अत्याचारासाठी तरी ही अट काढा, अशी शिफारस न्या. जे. एस. वर्मा समितीने २०१३ साली केली. इतर सरकारी नोकरांच्या बाबतीत कायदा बदलला, ‘अफस्पा’ जसाच्या तसा राहिला. जिनिव्हा करारांसाठी १९६० साली केलेल्या आपल्या कायद्याचे कलम १७ सांगते की न्यायालय दखल घेईल ती सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच. पीडितेची तक्रार पुरेशी नाही. १९९८ मध्ये रोम संविधीच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि आजही त्याचा सदस्य नाही. पाश्चात्त्यांच्या दुटप्पीपणावर बोलताना ही कलमेही समोर ठेवावीत.

चिमुरात १६ ऑगस्टला हुतात्म्यांना अभिवादन होते. ‘चिमूर जिल्हा’ व्हावा ही मागणीही जुनी आणि सर्वपक्षीय आहे. तिच्या शेजारी आणखी एक मागणी लिहायला जागा आहे : मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची १९४२-४३ मधील चिमूरविषयीची कागदपत्रे, चौकशी नाकारतानाच्या टिपणांसह, शासनाने संपादित करून छापावीत, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रियांची नावे झाकून त्यांची निवेदने त्यात घ्यावीत. यातले काही नागपुरात असेल, काही जुन्या प्रांताच्या वाटणीत भोपाळला गेले असेल. शोधायला सुरुवात मुंबई-दिल्लीहून करण्याचे कारण नाही.