आधी अधिक, मग उणे

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहावे, असा संकेत आहे. पण वाचकहो, यंदा मी दिव्याऐवजी विजेच्या पेटीविषयी, म्हणजे बॅटरीविषयी लिहिणार आहे. तिने मला जो धडा दिला, तो मालवणच्या किनाऱ्यावर.

माझी धाकटी बहीण मालवणास दिली आहे. तिच्या यजमानांची एका यांत्रिक नौकेत निम्मी भागी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि मासेमारीलाही बंदी. म्हणून नौका वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, की ती पाण्यात लोटायची. युरोप-अमेरिकेत हाच प्रकार हिवाळ्यात होतो. तिकडे उतरलेली बॅटरी थंडीने गोठून फुटण्याचे भय. आपल्याकडे उष्म्याने ती पडल्यापडल्याच लवकर उतरते, आणि खारट दमट हवेने टोके गंजतात.

यंदा नारळी पौर्णिमेला आम्ही तेथे होतो. मेहुण्यांनी बॅटरी पावसाळाभर घरी ठेवून, अधूनमधून चार्ज करून सांभाळली होती. आता ती नौकेत बसवायची होती. शहरात मोटार बाळगणाऱ्या माणसाला एवढे यायचेच, अशा घमेंडीत मी पान्हा उचलला आणि काळी तार आधी हातात घेतली.

“पावण्यांनू, आधी ती आंगठी काढा बघू,” म्हातारा तांडेल म्हणाला.

आंगठी लग्नातली. पंचवीस वर्षांत ती बोटातून निघालेली नव्हती. मी हसून टाळू लागलो, तेव्हा त्याने आपला डावा हात पुढे केला. अनामिकेभोवती आंगठीच्याच रुंदीचा पांढरा वण होता. “पान्हा प्लसवर होता. आंगठी पान्हा आणि इंजिन यांच्यामध्ये सापडली. हाक मारीपर्यंत बोट भाजून निघालं.”

बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही, म्हणून आपण बॅटरीला गरीब गाय समजतो. पण धातूने तिची दोन टोके जोडली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह सुटतो. त्यात आंगठी क्षणात तापते आणि पान्हा चिकटून बसतो.

तार जोडण्याचा क्रम यातूनच ठरतो. बॅटरीची उणे बाजू इंजिनाला जोडलेली असते. म्हणजे ती तार लागली, की इंजिनाचे सारे लोखंड उणे झाले. मी काळी तार आधी लावली असती, तर पुढे लाल तार आवळताना पान्हा इंजिनाला नुसता टेकला, तरी भडका. लाल आधी लावली आणि काळी मोकळी असली, तर पान्हा इंजिनाला कोठेही टेको, मंडल पुरे होत नाही. म्हणून जोडताना आधी अधिक, मग उणे. काढताना आधी उणे, मग अधिक. तारांची अदलाबदल मात्र क्षणभरही नको. इंजिनावरचा अल्टरनेटर तेवढ्यात निकामी होतो.

साबण लावून आंगठी निघाली, पण तांडेल अजून पान्हा देईना. त्याने आधी फळ्या उघडून इंजिनखान्यात वारा खेळू दिला. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा चार भाग झाला, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आणि हलका असल्याने तो बंद जागेत वरच्या फळ्यांखाली साचतो. म्हणून विडी, काडेपेटी दूर. आणि चार्जर आधी बंद करायचा, मगच त्याचे चिमटे काढायचे.

मग मीटर लावला. चार्जिंगनंतर काही तास विसावलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ दाखवली तर पुन्हा चार्ज करावी. १२ च्या खाली बरेच दिवस पडून राहिली, तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि ती पूर्वीसारखी होत नाही. पाणी पट्ट्यांच्या वर हवे. ते डिस्टिल्डच, नळाचे नव्हे. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, पण झाकणे घट्ट लावून. ते पाणी आत जाता कामा नये. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा. ॲसिड डोळ्यांत उडालेच, तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा.

बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधली. कारण नौका डोलते, आणि बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरिन वायू निघू शकतो. मेन स्विच बंद, दिवे, पंप, वायरलेस बंद. मग लाल तार, मग काळी. ती टेकताना मोठी ठिणगी उडाली असती, तर काहीतरी चालू राहिले आहे असे समजून थांबायचे होते. ठिणगी उडाली नाही. टोकांवर व्हॅसलिनचा हात फिरवला. इंजिन पहिल्या किल्लीला धडधडले, आणि मेहुण्यांचा चेहरा उजळला.

आमच्या सौ. हे सारे शांतपणे पाहत होत्या. परतीच्या गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आपल्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी कोठे आहे हो?”

ती शयनगृहातल्या कपाटात होती. दारे बंद, वर जुनी वर्तमानपत्रे, आणि शेजारी गेल्या वर्षी उरलेल्या फुलबाज्यांची पेटी! पाणी कधी पाहिले होते, तेही आठवेना. आता कुशल माणसाकडून ती गॅलरीत, हवेशीर जागी हलवून घेतली आहे. फुलबाज्या दुसऱ्या खोलीत गेल्या. दिवाळीला गावी निघण्यापूर्वी तुम्हीही आपल्या घरातले ते कपाट एकदा उघडून पाहा.

आणि आमची ती लग्नातली आंगठी? ती आता महिन्यातून एकदा, पाणी पाहण्याच्या दिवशी, बोटातून निघते आणि सौ.च्या स्वाधीन होते. हात धुऊन आलो, की त्या ती पुन्हा माझ्या बोटात घालतात. पंचवीस वर्षांनी हा योग पुन्हा आला, तो त्या तांडेलाच्या कृपेने.